आधी एक चक्कर

नानांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या ठिकाणी घेतलेली नाही. अपवाद एकच, आणि तोही नाइलाजाने घडलेला. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये ते दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकले होते, तेव्हा सोडवायला जो पहिला माणूस आला त्याच्यावरच भागवावं लागलं. तरी दाराच्या फटीतून त्यांनी विचारलंच, "तुमच्याखेरीज आणखी कोण कोण करतं हे काम?"

बाकी दूधवाला घ्या, दातांचा डॉक्टर घ्या, नाहीतर हापूसची पेटी घ्या, नियम एकच. "आधी एक चक्कर मारू."

हा माणूस तुमच्याही ओळखीचा असणार. लक्ष्मी रोडला बायकोने पहिल्याच दुकानात पसंत केलेली साडी "जरा बाजूला ठेवा हं, आलोच" म्हणून जो बाहेर पडतो, तो हा. दुकानदाराला या वाक्याचा अर्थ पाठ असतो. तो हसून मान डोलावतो आणि साडी घडी घालून मूळ गठ्ठ्यात लोटतो. बाजूला वगैरे काही ठेवत नाही. मंडईत हा मटारची शेंग सोलतो, दाणा तोंडात टाकतो, "गोड आहे" असं कबूलही करतो, आणि पुढच्या गाळ्याकडे सरकतो. मटार गोड आहे, हे काही मटार घ्यायचं कारण नव्हे. पुढे याहून गोड निघाला तर?

नाना या जातीतले खरे, पण त्यांचं शिक्षण रीतसर झालेलं. पिंपरीकडच्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं परचेसला होते. तिथे तीन कोटेशनं आल्याशिवाय खिळा आत येत नसे. एन्क्वायरी काढायची, कोटेशनं मागवायची, उभ्या-आडव्या रेघा मारून कंपॅरेटिव्ह करायचा, सगळ्यांत स्वस्त तो एल-वन, मग त्या एल-वनला समोर बसवून चहा पाजून आणखी खाली ओढायचा. निरोप समारंभात कंपनीने त्यांना मनगटी घड्याळ दिलं. त्याच संध्याकाळी नाना तीन दुकानांत जाऊन त्याची किंमत काढून आले. कंपनीला ते महाग पडलं होतं, ही रुखरुख त्यांना अजून आहे.

यंदाच्या थंडीत त्यांची स्वेटरची खरेदी चालू होती. चालू होती म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून चालूच होती. दरवर्षी हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले येतात, त्यांच्याकडे नाना चार वेळा जाऊन आले. तिथली एक बाई आता त्यांना बघितल्यावर स्वेटर काढत नाही, स्टूल काढते. डिसेंबर अर्धा सरला तरी नानांच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा बुशकोट आणि गळ्यात मफलर. मफलरही त्यांच्या बायकोच्या, म्हणजे माईंच्या माहेरचा, अहेरात आलेला. म्हणून तर तो आहे.

अशा माणसाबरोबर रविवारी हिंडायला जायचं आम्ही कबूल कसं केलं, हे आमचं आम्हालाही कळलेलं नाही. दुपारी सारसबाग आणि संध्याकाळी भीमथडी जत्रा, असा बेत. आम्ही म्हणजे मी, माझी बायको, आमचा आठ वर्षांचा मुलगा, नाना आणि माई. नानांनी शनिवारीच फोन करून बजावलं, "उद्या दुपारी जेवायचं नाही. जत्रेत अख्खा महाराष्ट्र खायला असतो. पोटात जागा ठेवा." मुलाला आम्ही गुपचूप वरणभात भरवला आणि आम्ही दोघं नानांच्या शब्दाला मान देऊन उपाशी निघालो. दिवसभरातली आमची पहिली चूक.

सारसबागेत शिरल्यावर माणूस काय करतो? सतरंजी टाकतो. आमची सतरंजी माझ्या खांद्यावर होती आणि ती पुढचा पाऊण तास खांद्यावरच राहिली. पहिलं झाड बघताच माई म्हणाल्या, "इथे बरं आहे." नानांनी वर बघितलं, पर्वतीकडे बघितलं, घड्याळात बघितलं. "आत्ता सावली आहे, पण साडेचारला इथे ऊन येईल." दुसरीकडे साडेचारला सावली येणार होती, थंडीत सावली नको. तिसरीकडे हिरवळ ओली. चौथीकडे सगळं जमत होतं, पण मग पाचवीकडे काय होतं ते राहून गेलं असतं. आम्ही बागेला एक पूर्ण फेरी घातली. दुसऱ्या फेरीत पहिल्या झाडाखाली एक कुटुंब येऊन बसलं होतं आणि त्यांची भेळ संपत आली होती. वाटेत एका बाईंनी माझ्या खांद्याला हात लावून विचारलं, "सतरंजी कशी दिली?"

मी काही बोलायच्या आत नाना मागे वळले. "तुम्ही किती देताय?"

हे ते गमतीत म्हणाले असं मला वाटलं. पण नंतर त्यांनी मला एकीकडे घेऊन सांगितलं, की तू मूळ किंमत सांगितली असतीस तर बाजारभावाचा अंदाज आला असता.

चालता चालता मी मुलाला सांगत होतो, की हे सगळं एके काळी तळं होतं. नानासाहेब पेशव्यांच्या वेळी आंबील ओढ्याचं पाणी घेऊन पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं, मधोमध एक बेट राखलं, आणि पुढे १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात त्या बेटावर गणपती बसला. म्हणून हा तळ्यातला गणपती. पाणी गेलं, हिरवळ आली, नाव तेवढं राहिलं.

"एकच बेट होतं म्हणून बसला," माई म्हणाल्या. "हे त्या वेळी पेशव्यांच्या परचेसला असते तर गणपती अजून होडीत असता. दुसरं बेट बघून येऊ म्हणाले असते."

नाना हसले. या विनोदांवर ते मनापासून हसतात. हा गुण मान्य केला पाहिजे. स्वतःवरचा विनोदसुद्धा ते पहिल्याच फटक्यात घेतात, ही तेवढी एक गोष्ट.

देवळात मात्र त्यांची पंचाईत झाली. थंडी पडली की या गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. पुण्याबाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर थापा वाटतात, पण गाभाऱ्यासमोर उभं राहिलं की वाटतं, न घालणारे देवच जरा अडाणी. मूर्ती लहानशी, स्वेटर तिच्या मापाचा, कानटोपी नीट कपाळापर्यंत ओढलेली. कुणा घरच्या आजीने शाळेत पाठवताना ओढावी तशी. मुलाने हात जोडले आणि मोठ्याने विचारलं, "बाप्पाकडे स्वेटर आहे, मग नानाआजोबांकडे का नाही?"

रांगेतले चारपाच लोक वळून नानांच्या बुशकोटाकडे बघायला लागले. नाना गाभाऱ्याच्या दिशेने जरा वाकून निरखत होते. "हातविणीचा दिसतोय," ते म्हणाले.

"त्याला कुणी विचारलं नाही, कुठला हवा म्हणून," माई म्हणाल्या. "म्हणून मिळाला."

शेजारच्या पेशवे पार्कात फुलराणीत बसायचं मुलाने आधीच ठरवून ठेवलं होतं. मी लहान होतो तेव्हा इथे पिंजरे होते आणि पिंजऱ्यांचा तो वास. प्राणी १९९९ मध्ये कात्रजला गेले. फुलराणी मात्र १९५६ पासून तिच्या त्याच वाटोळ्या रुळांवर धावते. नाना फलाटावर उभे राहून पहिला डबा बरा की शेवटचा याचा विचार करायला लागले. पुढे इंजिनाचा आवाज, मागे वळणावर हिसका. एवढ्यात शिट्टी झाली. बघतो तर माई आणि आमचं पोरगं मधल्या डब्यात बसलेले, माईंनी चष्मा सावरलेला, आणि गाडी निघाली. नाना हात हलवत राहिले. पण ही गाडी त्यांना फार आवडते. दोनदा मला म्हणाले, "बघ, सगळं बघून येते आणि निघाली तिथेच थांबते."

पाच वाजले तेव्हा माझ्या पोटात कावळे नव्हे, गिधाडं होती. सारसबागेच्या बाहेर चौपाटी आहे. पावभाजीच्या तव्यावर लोणी पडत होतं, उलथन्याचा तो खडखडाट चालला होता, आणि बायको माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी लग्नाच्या बारा वर्षांत दोनदाच पाहिली आहे. नानांनी हात आडवा घातला. "इथे पोट भरलंत तर तिथे काय बघत बसणार?" माईंनी पिशवीतून मुलाच्या हातात दाण्याचा लाडू ठेवला, मग माझ्या बायकोच्या हातात एक. माझ्यापर्यंत येईतो नाना वळले आणि पिशवी मिटली.

स्वारगेटहून शिवाजीनगरला मेट्रोने जावं, बसने की रिक्षाने, याची नाना तुलना करत होते. ती पुरी व्हायच्या आत आम्ही मेट्रोने शिवाजीनगरला पोचलो. ते तरीही करत होते.

भीमथडी म्हणजे भीमेच्या काठचा मुलूख. या मुलखातली तट्टं मराठ्यांच्या फौजेत प्रसिद्ध. अंगाने लहान, खायला कमी, चालायला चिवट. जत्रेला नाव त्यावरून. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ती पुण्यात सुरू केली, आणि डिसेंबरात सिंचननगरच्या मैदानावर गावोगावच्या बचतगटांच्या बायका आपापली चूल, आपापलं पीठ, आपापला हात घेऊन येतात. कडधान्यं, मसाले, पापड, घोंगड्या, मातीची भांडी हे सगळं असतंच, पण पुणेकर येतो तो खायला. फाटकातून आत गेलं की पहिल्यांदा धूर लागतो. चुलीचा धूर, भाजलेल्या मिरचीचा धूर, कुठेतरी मटणाच्या रश्श्याची वाफ, आणि या सगळ्याखाली भाकरीचा करपट, गोडसर वास. उपाशी माणसाने तिथे उभं राहणं हा छळ आहे.

१७५८ मध्ये मराठी घोडी अटकेपर्यंत गेली. वाटेत प्रत्येक नदीचं पाणी चाखून, "ठीक आहे, पण पुढचीचं बघू" असं तट्टं म्हणाली असती तर? पण थांबा. तशी म्हणत गेली म्हणूनच अटकेपर्यंत पोचली असतील. नानांच्या बाजूनेही काहीतरी बोललं पाहिजे.

फाटकातच नानांनी खिशातून वही काढली. कंपनीची जुनी डायरी, तिला दोरीने बांधलेलं पेन. पानावर रकाने आधीच आखलेले होते: स्टॉल, पदार्थ, गाव, दर, नग, गर्दी, शेरा. मैदानाचे त्यांनी मनाने चार भाग पाडले, अ, ब, क, ड. "आता नीट ऐका. कुणी काही घ्यायचं नाही. आधी एक चक्कर. मग मी कंपॅरेटिव्ह काढतो, मग आपण बरोबर जाऊन तीन पदार्थ घेऊ. तीनच, पण असे की पुढच्या वर्षीपर्यंत नाव काढाल."

आणि ते 'अ' रांगेच्या पहिल्या स्टॉलपासून लागले. मी त्यांच्याबरोबर अर्धी रांग हिंडलो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. चव न घेता चवीची परीक्षा करायची त्यांची पद्धत अशी, की पदार्थाकडे बघायचं नाही, खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. एक गृहस्थ कळण्याच्या भाकरीशी भरीत खात होते. जळगावकडची हिरवट-पांढरी वांगी तुरकाट्यांवर भाजून, हिरवी मिरची घालून लाकडी बडगीत ठेचलेलं ते भरीत, वर कच्च्या पातीचा चुरा. त्यांच्यापासून हातभर अंतरावर नाना हात मागे बांधून उभे. गृहस्थांनी एक घास घेतला, नाना जरा पुढे झाले. दुसरा घेतला, नानांनी चष्मा वर केला. तिसऱ्याला त्या माणसाला ठसका लागला. त्यांच्या बायकोने पाणी दिलं आणि नानांना म्हणाली, "तुम्हाला पण एक घास देऊ का, काका?"

"नको, नको. माझी चक्कर व्हायची आहे."

नंतर मी ती वही वाचली. शेरा असा होता: 'धूर अस्सल. गृहस्थांना ठसका; तिखटाचा की घाईचा, तपासणे.' त्याखाली थालीपीठ: 'मागितल्यावर लोणी देतात. न मागता देतात का, बघणे.' हुलग्याची शेंगोळी: 'दर बरा. बाई खाण्याचा आग्रह करते, कारण शोधणे.'

मांड्यांच्या स्टॉलपाशी मात्र तेही थबकले. खान्देशातल्या बायका होत्या. मातीचं मोठं खापर चुलीवर उपडं घातलेलं, खाली जाळ. बाईने बांगड्या दंडाकडे सारल्या, पुरण भरलेला कणकेचा गोळा तळव्यावर घेतला आणि लाटणं-पोळपाटाचं नाव न काढता तो हातांवरच झुलवायला लागली. आधी तळव्याएवढा, मग मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. या हातावरून त्या हातावर, त्यावरून यावर, स्वतःच्याच वजनाने तो मांडा खाली ओघळत मोठा होत गेला. इतका पातळ झाला की मागचा बल्ब त्यातून दिसायला लागला आणि पुरणाचे ढग. मग एका झोक्यात खापरावर. कडेला एक सुरकुती राहिली होती, ती तिने बोटाच्या टोकाने ओढून सरळ केली, भाजल्याचं काही वाटत नसल्यासारखी. फोड आले, तपकिरी ठिपके उठले, आणि मांड्याची चौकोनी घडी होऊन तो पानावर पडला. माझ्या बायकोने माझा हात धरला होता. प्रेमाने नव्हे.

"एका खापरावर तासाला किती होतात?" नानांनी विचारलं.

"तुम्ही खा, मी मोजते," बाई म्हणाली. दुसरा गोळा तिच्या हातात आला होता.

नानांनी लिहिलं: 'मांडे. गाव, भुसावळच्या बाजूचं. फार उत्तम. एल-वन व्हायची शक्यता.' आणि ते पुढे गेले. हे मी कधी विसरणार नाही. जगातला सर्वांत चांगला पदार्थ समोर आहे, हे स्वतःच्या अक्षरात लिहून माणूस पुढे गेला.

मी मागे राहिलो. भुकेपुढे शब्दाचा मान टिकत नाही. वळलो आणि पलीकडच्या रांगेत, एका बाकावर, मासवडीच्या ताटलीसमोर माई बसलेल्या दिसल्या. माझी बायकोही तिथेच, आणि पोराच्या हनुवटीला रस्सा लागलेला.

"बस रे," माई म्हणाल्या. "ह्यांची 'ब' रांग चालू आहे. 'ब' मोठी आहे. अर्धा तास आहे आपल्याकडे."

मासवडीत मासा नसतो. जुन्नर-आंबेगावकडचं हे जेवण. शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर खोबरं, तीळ, कांदा-लसणाचं कोरडं सारण, फडक्यासकट गुंडाळी, वरून दाबून माशाचा आकार, मग वड्या. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. मी भाकरीचा पहिला तुकडा रश्श्यात बुडवला आणि पुढची तीनचार मिनिटं मला कुणी काही विचारलं असेल तर ते मला आठवत नाही.

भानावर आलो तेव्हा कळलं, की हे माईंचं चौथं ठिकाण. त्यांनी धपाटं खाल्लं होतं, भरीत खाल्लं होतं, रविवार असल्यामुळे कोंबडी-वडे खाल्ले होते आणि वर सोलकढी. "तुम्ही कसं ठरवता, कुठे खायचं?" मी विचारलं.

"ठरवायचं काय त्यात? जिथे बसायला जागा दिसते तिथे बसते. बसलं की वाढतातच."

"आणि नाना?"

"ह्यांना हिंडू दे. हिंडले की बरं वाटतं त्यांना. इतकी वर्षं असंच चाललंय. हे साडीला सात दुकानं बघतात, मी पहिल्यातली आधीच बांधून घेतलेली असते, पिशवीत खाली. शेवटी दमून म्हणतात, पहिलीच बरी होती. मी म्हणते, तुम्ही म्हणता तर घेऊ."

मग भाकरी मोडता मोडता त्यांनी सांगितलं, ते मी नानांच्या शेजारी बारा वर्षं राहून ऐकलं नव्हतं. नाना मुली बघायला लागले तेव्हा पहिलं घर माईंचं, साताऱ्याचं. "आले, पोहे खाल्ले, पत्रिका घेतली, आणि म्हणाले कळवतो. आठ महिने काही नाही. बाबा दुसरीकडे बघायला निघाले. मी म्हटलं, थांबा थोडं."

"का? तुम्हाला एवढे आवडले होते?"

"आवडायला बघितलं होतं कुठे नीट? मान खाली घालून बसायचं तेव्हा. पण पोह्यांची ताटली मी आत घेऊन गेले ना. त्यात कढीपत्त्याचं पान राहिलं नव्हतं रे. खोबऱ्याचा कीस बोटाने टिपलेला. म्हटलं, हा माणूस हिंडेल, हिंडेल आणि परत येईल. आले. सतरा घरचे पोहे खाऊन आले." त्या हसल्या. "तेव्हा बिचारे चक्कर मारताना खायचे तरी."

त्यांनी उठून हात धुतले आणि मांड्यांच्या स्टॉलकडे गेल्या. आल्या तेव्हा पिशवीत एक पुडकं जास्त होतं. मग कुठल्याशा दुसऱ्या बाजूला गेल्या, तिथून आल्या तेव्हा पिशवी एकदम फुगलेली.

साडेआठला नाना उगवले. चेहऱ्यावर ऑडिट संपल्याचं समाधान. चार पानं भरली होती. खुर्ची ओढून ते बेरजा-वजाबाक्या करायला बसले. 'गर्दी' या रकान्याला किती वजन द्यायचं यावर अडले. गर्दी आहे म्हणजे चांगलं, की गर्दी आहे म्हणजे स्वस्त? आम्ही चौघं शेजारी ढेकर दाबून बसलो होतो. अखेर त्यांनी वही मिटली आणि निकाल दिला. मांडे, भरीत, मासवडी. या क्रमाने. "चला."

मांड्यांचं खापर उतरवलेलं होतं. जाळ मागे ओढून त्यावर पाणी मारलेलं, राखेतून चर्र असा आवाज येत होता. "पुरण संपलं, काका. तुम्ही संध्याकाळपासून दोनदा बघून गेलात, मला वाटलं घेणार." नाना म्हणाले, "उद्या किती वाजता सुरू करता?" आणि ती वेळ लिहून घेतली. भरिताची बडगी पालथी पडलेली. मासवडीवाल्या ताईंकडे नुसता रस्सा होता, वाटीभर; तो त्यांनी फुकट देऊ केला. नानांनी तो घेतला नाही. फुकट वस्तूचं कोटेशन नसतं.

ते परत आले आणि बाकावर बसले. काही बोलले नाहीत. पेनाची दोरी नीट गुंडाळून त्यांनी वही खिशात ठेवली. दुपारपासून या माणसाने खरोखरच काही खाल्लेलं नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. आमच्यासारखं गुपचूपसुद्धा नाही.

माईंनी पुडकं काढून त्यांच्यासमोर उघडलं. मांड्याची घडी, कागदाला तूप लागलेलं.

नानांनी पुडक्याकडे बघितलं, माईंकडे बघितलं. "कुठला?"

"तुमच्या एल-वनचा."

त्यांनी एक घास घेतला. डोळे मिटले. मी अगदी त्यांच्याच पद्धतीने त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, आणि छातीवर हात ठेवून सांगतो, पदार्थ उत्तम होता. मग त्यांनी डोळे उघडले. "गार झालाय," ते म्हणाले. "खापरावरचा मिळायला हवा होता." आणि अख्खा मांडा संपवून कागदावरचा पुरणाचा चुरा बोटाने टिपून घेतला.

बाहेर पडलो तेव्हा कडाक्याची थंडी होती. फाटकाबाहेर रिक्षा उभ्या होत्या. नानांनी पहिल्याला विचारलं. तो मीटरप्रमाणे यायला तयार होता, म्हणजे काहीतरी गडबड होती. "थांबा, पुढे बघून येतो." ते मफलर कानांवर ओढून, हात काखेत घालून पुढच्या रिक्षाकडे गेले, तिथून त्याच्या पुढच्या. पोरगं माझ्या खांद्यावर झोपलं होतं. मी नानांच्या मागे हाक मारणार, तेवढ्यात मीटर पडल्याचा आवाज आला.

नाना तिसऱ्या रिक्षापासून परत आले तेव्हा माई पहिल्या रिक्षात बसून होत्या. मांडीवर नवीकोरी काळी घोंगडी.

नाना मुकाट्याने आत शिरले. माईंनी घोंगडीची घडी मोडली, अर्धी त्यांच्या अंगावर टाकली आणि त्यांच्या मानेपाशी खोचली. नानांनी तिची कड चिमटीत धरून वीण तपासली, उलटी करून बघितली, लोकर गालाला लावली.

"कितीला घेतलीस?"

माईंनी सांगितलं.

"दुसरीकडे विचारलं होतंस?"

"चला," माई रिक्षावाल्याला म्हणाल्या.